खुशालीची पारख

मुंबईच्या गिरण्या संपापायी बंद पडल्या होत्या त्या वर्षी सोलापुरातल्या एका गिरणीनं दिवाळीची पोस्त बुडवली. दरसाल ती लहानथोर सगळ्यांना मिळायची. झाडूवाल्यापासून मुकादमापर्यंत ज्याच्या त्याच्या पगाराच्या मानानं हातात काहीतरी पडायचं आणि त्यावर घराघरांत करंज्या तळल्या जायच्या. त्या वर्षी दिवाळी कोरडी गेली. लोक कुरकुरले, चार जण कचेरीसमोर उभे राहून आले, आणि मग एक दिवस मालकाचा निरोप खात्याखात्यांतून फिरला. पोस्त आता विसरा. तिच्याऐवजी संक्रांतीच्या तोंडावर, सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेआधी, खुशाली मिळेल. अर्धा पगार आणि वर गिरणीचं एक लुगडं, पुरुषांना धोतरजोडी. पण ती सरसकट नाही. ज्याचं काम मालकाच्या मनाला येईल त्याला.

मनाला येईल म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण उपाशी माणसापुढं ताट आलं की ते कुणी वाढलं याची चौकशी तो जेवल्यावर करतो, आणि रिळखात्यातल्या बायका तर अर्ध्या पगारात काय काय आणायचं ते ठरवूनही मोकळ्या झाल्या होत्या.

रिळखातं म्हणजे सुताच्या लडी करायचं खातं. कांड्यांवरचं सूत रहाटावर घ्यायचं, तुटलं की गाठ मारायची, लड भरली की उतरवून आपापल्या खुणेच्या रंगीत दोऱ्यानं बांधायची. या लडी शहरातल्या पद्मशाली विणकरांकडं जायच्या. विणकर मोठे चोखंदळ. लडीत गाठी फार निघाल्या की तेलुगूत शिव्या घालून परत पाठवायचे. खात्यात सगळ्या बायकाच, आणि त्यांच्यावर नायकीण होती काशम्मा.

काशम्मा बाळीवेशीकडच्या लिंगायत घरातली. नवरा गेल्यावर गिरणीत आली आणि हाताच्या गुणावर नायकीण झाली. तिच्या आधीच्या नायकिणीला खण-नारळ पोचवल्याशिवाय कुणाला रहाट मिळत नसे. काशम्मानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की माझ्या दारी खण घेऊन येईल तिचा खण मी चुलीत घालीन. सख्खी जाऊ निंगव्वा त्याच खात्यात होती. भोंगा झाल्यावर ती आली तर काशम्मा तिलाही दारातून परत पाठवायची. या सरळपणाचा तिला अभिमान होता, आणि अभिमान बाळगावा असाच तो सरळपणा होता. फक्त सरळ माणसाची एक खोड असते. आपण सरळ आहोत हे एकदा मनाशी पक्कं झालं, की आपण उभे कुठं आहोत ते तो पायाखाली बघत नाही.

खात्याला त्या वर्षी नवे मास्तर आले होते. पोतनीस त्यांचं नाव. आधीचे मास्तर बायकांना ‘ए’ म्हणून हाक मारायचे. पोतनीस मास्तर ‘बाई’ म्हणायचे, अहो-जाहो करायचे. आवाज कधी चढत नसे. बायकांना त्यांचं कौतुक वाटायचं आणि भीतीही वाटायची, कारण हा माणूस रागावलाय की खूश झालाय तेच कळायचं नाही.

त्यांनी काशम्माला बोलावून घेतलं.

“काशम्माबाई, आपल्या खात्यातली खुशाली कुणाला द्यायची ते तुम्ही सांगायचं. मालकांची मर्जी ती माझी मर्जी, आणि माझी मर्जी म्हणजे तुमचा शब्द.”

“सगळ्यास्नीच दिली तर, मास्तर? समद्या राबत्यात की.”

“मग ती खुशाली कशी राहील? पोस्तच झाली ना ती.” मास्तर हसले. “चांगलं कोण, वाईट कोण, एवढंच सांगा. कसं ठरवायचं ते तुमचं तुम्ही बघा.”

एवढा अधिकार देणारं बोलणं तिच्याशी आजवर कुणी केलं नव्हतं. ती छाती फुगवून बाहेर आली खरी, पण दोन दिवसांतच तिला खात्याचं वारं बदललेलं दिसलं. कालपर्यंत तिच्या पाठीमागं तोंड वेंगाडणाऱ्या बायका आज तिच्यासाठी शेंगाची चटणी घेऊन येऊ लागल्या. बार्शीकडची बजाबाई तर तिची कांड्यांची पाटी स्वतः उचलून द्यायला लागली. ज्या एकमेकींच्या भाकरीतली भाकरी खायच्या त्या एकमेकींच्या लडींकडं चोरून बघू लागल्या. अजून एक पैसा कुणाच्या हातात पडला नव्हता, आणि खातं नासायला लागलं होतं.

काशम्मानं विचार केला, मी कुणालाही निवडलं तरी उरलेल्या म्हणणार की काशम्मानं तोंडं बघून दिलं. तेव्हा तोंडं बघायचीच नाहीत. दुपारच्या सुट्टीत तिनं सगळ्यांना गोळा केलं.

“मी डोळ्याला पदर बांदनार,” ती म्हणाली. “समद्यांच्या लडी एका पाटीत कालवायच्या. एकेक लड मी बोटांतनं काढीन. गाठी माज्या बोटांस्नी कळत्यात. गाठी कमी ती लड उजवीकडं, जास्ती ती डावीकडं. मग ती माज्या जावंची असू दे न्हायतर कुणाची असू दे.”

याला कोण नाही म्हणणार? बायका खूश झाल्या. निंगव्वानं जरा नाक मुरडलं, पण ते तिनं स्वतःशीच मुरडलं. सगळ्यांत खूश झाली ती रंभाबाई.

रंभाबाई बसायची दाराच्या अगदी तोंडाशी. खात्याचं दालन लांबलचक होतं. एका टोकाला हौदाची भिंत. तिच्या पलीकडं गिरणीचा पाण्याचा हौद, त्यामुळं ती भिंत बारा महिने ओलसर आणि गार. तिच्याच कडेनं बायकांच्या पिण्याच्या पाण्याचे रांजण मांडलेले. दुसऱ्या टोकाला दार, आणि दाराबाहेर बॉयलरचं अंगण. गावकुसाबाहेरच्या घरांतल्या बायकांनी दाराकडं बसायचं, कारण रांजणावर त्यांची सावली पडायला नको. त्यांना तहान लागली की बजाबाई तांब्या उंच धरून त्यांच्या ओंजळीत पाणी सोडायची. हे कुणी ठरवलं ते कुणाला आठवत नव्हतं. काशम्मा नायकीण व्हायच्या आधीपासून ते तसंच होतं, आणि नवी बाई आली की आधी घर विचारायचं, मग जागा दाखवायची, ही रीत तिनंही मोडली नव्हती. त्यात कुणावर अन्याय होतो असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. रीत ती रीत.

रंभाबाई माळशिरसकडची. नवरा गेला तेव्हा दिरानं तिला गावातच राहायला सांगितलं होतं. गावकीची पाळी करायला त्याला माणूस हवं होतं. मेलेलं जनावर ओढायचं, चावडीपुढचं झाडायचं, आणि दिवस मावळला की दारोदार उभं राहून वरून टाकलेली शिळी भाकरी पदरात झेलायची. रंभाबाई म्हाताऱ्या आईला घेऊन निघाली ती सोलापुरात आली. गिरणीचं काम गेलं तर तिला परत जायला तेवढं एकच ठिकाण होतं, हे खात्यातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं, कारण ती ते लपवत नसे.

“गिरणीत पगार फळीवर ठिवत्यात,” ती सांगायची. “आपुन आपल्या हातानं उचलायचा. कुनी वरनं टाकत न्हाय.”

त्या दिवशी सुट्टी संपता संपता ती काशम्माजवळ आली, हातभर अंतर राखून उभी राहिली.

“नायकीणबाई, लई चांगलं केलंत. माजं घर इचारल्याबिगर माजं काम बगनारं आजवर कुनी भेटलं न्हवतं.”

काशम्माला बरं वाटलं.

पारख झाली ती पौषातल्या एका कोरड्या दुपारी. रहाट थांबवले. बजाबाईनं सगळ्यांच्या लडी पाटीत कालवल्या. मास्तर स्टूल घेऊन बसले. काशम्मानं पदर डोळ्यांवरून घेऊन मागं घट्ट बांधला आणि पहिली लड हातात घेतली.

तिच्या बोटांनी खोटं केलं नाही, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. एकेक लड ती अंगठा आणि तर्जनीमधून सावकाश ओढत होती. कुठं गाठ लागली की ओठ हलायचे. उजवीकडं, उजवीकडं, डावीकडं. पाटी रिकामी झाली तशी तिनं पदर सोडला.

डाव्या ढिगात दाराकडचे रंग होते. फक्त दाराकडचे. त्या टोकाच्या बायकांपैकी एकीच्याही खुणेचा दोरा उजवीकडं नव्हता, आणि हौदाकडच्या एकीचाही डावीकडं नव्हता. जणू कुणीतरी डोळे उघडे ठेवून, घर विचारून विचारून लडी वाटल्या होत्या.

काशम्मानं दोन्ही ढीग पुन्हा एकदा न्याहाळले. एखाददुसरी इकडची तिकडं व्हायला हवी होती. इतकं चोख कसं?

“आता तर डोळं बांदून दिसलं की,” निंगव्वा म्हणाली. “आमी म्हनत हुतो तवा आमी वाईट. हातच तसलं, त्याला कोन काय करनार?”

माना डोलल्या. आजवर जे नुसतं बोललं जायचं त्याला आता पुरावा मिळाला होता, आणि तोही काशम्मासारख्या सरळ बाईच्या हातून. रंभाबाई पुढं आली. डाव्या ढिगातून तिनं आपल्या खुणेची लड काढली, बोटांतून एकदा ओढून पाहिली आणि परत ठेवली. तिच्या लडीत गाठी होत्याच.

“उत्तम,” मास्तर उठत म्हणाले. “इतका स्वच्छ निवाडा मी कुठल्या गिरणीत पाहिला नाही.”

खुशाली वाटली गेली. लुगडी वाटली गेली, तांबड्या काठाची, सगळी एकसारखी. बायका दुसऱ्याच दिवशी ती नेसून आल्या, त्यामुळं कुणाला मिळाली आणि कुणाला नाही हे सांगायला तोंडाची गरज उरली नाही. दालनाचं एक टोक तांबड्या काठाचं आणि दुसरं जुनेऱ्यांचं झालं. काशम्माला ते बघवत नव्हतं, पण का बघवत नाही तेही तिला सांगता येत नव्हतं. आपण काय चुकलो? काहीच तर चुकलो नाही. ती हेच पुनःपुन्हा घोकत होती, आणि जी गोष्ट इतकी घोकावी लागते तिच्यात कुठंतरी पाणी मुरत असतं.

गड्ड्याला आठवडा राहिला असताना सूतखात्याचा मुकादम कल्लप्पा तिला फाटकाशी भेटला. तो तिच्याच गल्लीतला.

“काशम्मा, कानावर आलं का न्हाय? तुमच्या खात्यातले रहाट कमी होनार. गड्डा झाला की.”

“कुनाचे?”

“ज्यास्नी खुशाली न्हाय त्यांचे. त्यांचे गळ्यातले बिल्ले फाटकातच काढून घेनार म्हनं. समद्याच खात्यांत तसंच हाय. आमी आपली मानसं खुशालीत घातली न् बसलो, आता कळतंय ते कशापायी हुतं.”

काशम्मा तडक मास्तरांकडं गेली. तिला वाटलं होतं, मास्तर नाही म्हणतील, निदान तोंड तरी चुकवतील. त्यांनी दोन्ही केलं नाही.

“मागणी घटली आहे, बाई,” ते चष्मा पुसत म्हणाले. “माणसं कमी करायचीच होती. कुणाला काढायचं, हा फार वाईट प्रश्न असतो. जातीवरून काढलं, ओळखीवरून काढलं, असा ओरडा होतो. मुंबईला काय चाललं होतं ते पाहिलंत ना? तुम्ही तो प्रश्न इतका सोपा केलात की मालकांना मी तुमचं नाव सांगितलं.”

“मी खुशालीसाटी केलं हुतं, मास्तर. काडन्यासाटी न्हाय.”

“चांगलं कोण आणि वाईट कोण, एवढंच मी विचारलं होतं. तुम्ही सांगितलंत.”

खालच्या आवाजात बोललेलं ते वाक्य काशम्माच्या कानात दिवसभर घुमत राहिलं. खात्यात ती आली तेव्हा बातमी तिच्याआधी पोचली होती. रंभाबाई उठून तिच्याजवळ आली. या वेळी ती हातभर अंतर विसरली होती.

“एक डाव माज्या रहाटावर बसा, नायकीणबाई. जास्ती न्हाय, एक लड हुईपतोर.”

काशम्मा गेली. इतक्या वर्षांत ती त्या टोकाला हुकूम सांगायला गेली होती, ओरडायला गेली होती, पण बसली कधी नव्हती. तिची स्वतःची जागा हौदाच्या भिंतीला पाठ लावून, खात्यातली सगळ्यांत गार जागा. रहाट तपासायच्या निमित्तानं ती रंभाबाईच्या पाटावर बसली आणि तिनं तो चालू केला. सुरुवातीला काही झालं नाही. मग अंगणात बॉयलरवाल्यानं भट्टीचं तोंड उघडलं आणि दारातून गरम, कोरडा झोत आत आला. बोटांखालचं सूत तिला कडक झाल्यासारखं लागलं, आणि तुटलं. तिनं गाठ मारली. रहाट दहा फेरेही फिरला नसेल, पुन्हा झोत, पुन्हा तुटलं. तिनं सूत सैल धरून पाहिलं, ताणून पाहिलं, रहाट हळू फिरवून पाहिला. जेवढी कला हातात होती तेवढी वापरून झाली. लड उतरवली तेव्हा ती बोटांतून ओढून बघायची तिची हिंमत झाली नाही. रंभाबाईच्या लडीत होत्या त्याहून तिच्या लडीत गाठी जास्त होत्या, कारण रंभाबाईला निदान त्या वाऱ्याची सवय होती.

ओल्या हवेत सूत धरतं आणि कोरड्यात तुटतं, हे गिरणीतलं शेंबडं पोरही जाणतं. काशम्माही जाणत होती. पण ते ज्ञान आणि ती रीत, ही दोन्ही तिच्या एकाच डोक्यात वर्षानुवर्षं शेजारी शेजारी राहिली आणि त्यांची कधी गाठ पडली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. डोळे बांधून तिनं हात पारखले असं तिला वाटत होतं. तिनं जागा पारखल्या होत्या, आणि जागा तिनंच घर विचारून दिल्या होत्या.

“हे मला आदी का न्हाय सांगितलंस?” तिनं विचारलं.

“सांगितलं हुतं की. मागल्या उनाळ्यात. तुमी म्हनला, वाऱ्याला नावं ठिवू नगं, हात नीट चालीव.”

काशम्माला ते आठवतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा मास्तरांपुढं उभी राहिली आणि पारख चुकली म्हणून तिनं कबूल केलं. दाराचा झोत, हौदाची ओल, सगळं सांगितलं. एरवी बाई माणूस एवढं बोललं तर कुठल्याही मास्तरानं तिला हाकलून दिलं असतं. पोतनीस मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मग जागा बदला,” ते म्हणाले. “कुठली बाई कुठं बसते हे गिरणी कधी सांगत नाही. तो तुमचा आपापसातला मामला. रंभाबाईला हौदाकडं बसवा, एक दिवस काम करू द्या आणि पुन्हा डोळे बांधा. तिची लड उजवीकडं पडली तर दाराकडच्या सगळ्याच बायकांचे बिल्ले राहतील, हा माझा शब्द. फक्त गड्ड्याच्या आत.”

इतकं सोपं होतं. काशम्मा मास्तरांच्या कचेरीचा जिना उतरायला लागली आणि अर्ध्यावर तिच्या लक्षात आलं की मास्तर हसत होते. आपल्या खिशातलं काहीही न देता त्यांनी उदारपणा केला होता. बायका काय म्हणणार हे त्यांना ठाऊक होतं.

बायका तेच म्हणाल्या.

“आन् रांजन कुटं ठिवायचे?” बजाबाईनं विचारलं. आतापर्यंत वरून पाणी सोडणारी तीच होती, मनानं वाईट नव्हती.

“एक दिस हलवू की.”

“उद्या समदंच हलवा म्हनाल. गड्डा तोंडावर आलाय, काशम्मा. द्यावाच्या काठ्या निगायच्या दिवसांत इटाळ करून घरात जायचं व्हय?”

“त्यांच्या पोटाचा सवाल हाय गं.”

“आमच्याबी पोटाचाच हाय. त्या उजवीकडं आल्या तर डावीकडं कोन जानार?”

मास्तरांनी फक्त दाराकडच्यांचे बिल्ले राखायचा शब्द दिला होता, आणि त्या शब्दावरही तिचा स्वतःचाच विश्वास राहिला नव्हता, मग ती तो दुसऱ्यांना काय देणार? कुणीच जागेवरून हललं नाही. मग निंगव्वा, तिची सख्खी जाऊ, कमरेवर हात ठेवून म्हणाली:

“अक्का, तुमची जागा बी हौदाकडंच हाय की. ती द्या. आमच्या कशाला मागताय?”

दाराच्या टोकाला रंभाबाईनं मान वर केली.

एका दिवसाची गोष्ट होती. उठायचं, पाटी उचलायची, दालनाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचं. काशम्माचे पाय उठायला तयारही होते. पण तिच्या डोळ्यांपुढं गल्ली उभी राहिली. सिद्धरामेश्वराच्या मानाच्या काठ्या गल्लीतून मिरवत निघाल्या की ओवाळणीचं पहिलं ताट तिच्या हातात असायचं. विधवा असूनही हा मान गल्लीनं तिच्याकडं ठेवला होता, तो तिच्या सोवळ्या, सरळ वागण्याकडं बघून. आपल्या पाटावर कुणाला बसवलं ते निंगव्वा संध्याकाळच्या आत घरोघर सांगणार. मग ताट दुसरीच्या हातात जाणार, आणि कदाचित पाण्याचा तांब्याही तिच्या हातून कुणी घेणार नाही.

काशम्मा भ्याली. दुसरा शब्द नाही त्याला.

“बगू,” ती म्हणाली. “गड्डा तर होऊ दे.”

गड्डा झाल्यावर काही उपयोग नाही, हे बोलतानाच तिला माहीत होतं. रंभाबाईलाही माहीत होतं. पुढचे दिवस रंभाबाई रोज सकाळी आत येताना तिच्याकडं एकदा बघायची. काही मागायची नाही, नुसती बघायची. काशम्मा कांड्या मोजायच्या निमित्तानं मान खाली घालायची. जत्रेच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी रंभाबाईनं बघितलं नाही, आणि तेच काशम्माला जास्त लागलं.

काठ्या निघाल्या. काशम्मानं पहिलं ताट ओवाळलं. सम्मती कट्ट्यावर देवाच्या लग्नाच्या अक्षता पडल्या, होम मैदानावर पाळणे फिरले, माणसांचा पूर लोटला. तिला त्यातलं काही दिसलं नाही. तिचं सगळं लक्ष गिरणीच्या भोंग्याकडं लागलं होतं. तो वाजूच नये असं तिला वाटत होतं.

भोंगा वाजलाच. फाटकाशी पहारेकरी उभा होता आणि मास्तरांचा माणूस नावं पुकारत होता. ज्यांची नावं निघाली त्या एकेक करून गळ्यातला बिल्ला काढून देत होत्या. कुणी रडत होतं, कुणी पाया पडत होतं. रंभाबाई दोन्हींतलं काही न करता बाजूला येऊन उभी राहिली. काशम्माला आत निघून जाता आलं असतं. ती थांबली.

“कुटं जानार?”

“माळशिरसला. दिराचा सांगावा आलाय. गावकीची पाळी सुरू हाय.”

“रंभे, मी...”

“तुमी कुनाचा खण घिऊन तिला उजवीकडं टाकली असती,” रंभाबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं, “तर मी हितं फाटकात बसून चार लोकांत तुमच्या नावानं बोंब मारली असती. लोकांनी बी ऐकलं असतं. पर तुमी डोळं बांदून न्याय केला. आता मी कुनाशी भांडू, नायकीणबाई?”

ती गेली. फाटकाबाहेरच्या गर्दीत काशम्माला तिची पाठ बराच वेळ दिसत राहिली.

आत मास्तर खात्यात येऊन उभे होते. नवी यंत्रं येणार होती, बारीक सुताची. त्यांना ओल लागते, म्हणून हौदाच्या भिंतीची जागा त्यांना हवी होती. तिथले रहाट उचलून दाराकडं मांडायचे. दाराकडं जागा झालीच आहे.

“कुणी कुठं बसायचं ते काशम्माबाई ठरवतील,” ते नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले. “आणि एक आनंदाची गोष्ट. मालकांना आपली पद्धत फार आवडली. शिमग्याला पुन्हा खुशाली आहे. पारख तशीच, डोळे बांधून.”

मास्तर गेले. तांबड्या काठाची लुगडी नेसलेल्या बायका जागच्या जागी उभ्या होत्या. शिमगा म्हणजे उन्हाळ्याचं तोंड, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. बजाबाई पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत होती. निंगव्वा हळूच पुढच्या दोन बायकांच्या मागं सरकली आणि तिथून काशम्माकडं बघू लागली. तिच्या डोळ्यांत इतके दिवस रंभाबाईच्या डोळ्यांत होतं तेच होतं.

काशम्मानं कुणाचं नाव घेतलं नाही. तिनं आपली कांड्यांची पाटी उचलली, दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि दाराच्या तोंडाशी, रंभाबाईच्या पाटावर बसली. जी जागा तिला एका दिवसासाठीही सोडवली नव्हती ती आता कायमची सुटली होती, आणि तिचा आता कुणालाच उपयोग नव्हता. तिला ढसाढसा रडावंसं वाटलं, पण सगळं खातं बघत होतं.

अंगणात भट्टीचं तोंड उघडलं. सूत तुटलं. तिनं टोक शोधून गाठ मारली आणि रहाट पुन्हा चालू केला. शिमग्याला ती डोळ्यांवर पदर बांधेल तेव्हा तिची स्वतःची लड तिच्या हातात येईल, आणि ती तिला डावीकडं टाकावी लागेल. बोटांना खोटं बोलायला तिनं कधी शिकवलंच नव्हतं.